विश्लेषण : किन्हवलीचा मोह बाटलीत जाईल, पण पैसा कोणाच्या हाती राहील?

मार्चमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली टपटप फुले पडू लागली की किन्हवली परिसरातल्या पाड्यांवर वेचणीची लगबग सुरू होते. शहापूर आणि मुरबाड यांच्या मधोमध असलेले किन्हवली ही आजूबाजूच्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली वस्त्यांची बाजारपेठ. खरिपातला भात निघाला की इथे बहुतेकांच्या शेतात दुसरे पीक नसते. अशा कोरड्या दिवसांत हातात रोख पैसा देणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी मोहफूल ही एक.

फुले वेचायची, अंगणात सुकवायची आणि व्यापाऱ्याला द्यायची. त्या फुलातून पुढे जी दारू निघते तिला आता शहरातल्या महागड्या बारमध्ये ‘वारसा मद्य’ म्हणून मान मिळू लागला आहे. राज्य सरकारनेही गेल्या काही वर्षांत मोहाबाबतची भूमिका बदलली आहे. त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, राज्यातल्या मद्यावरील करांची संपूर्ण उतरंड नव्याने रचली गेली. या दोन बदलांमध्ये किन्हवलीसारख्या भागाच्या वाट्याला काय येणार?

फूल वेचणे हाच गुन्हा का होता?

ठाणे जिल्हा आणि मोह यांचे नाते शासनाच्या दृष्टीने नेहमीच संशयाचे राहिले. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला, तोवर गावोगावी लहान भट्ट्या होत्या. कायद्यानंतर त्या बंद करून मद्यनिर्मिती मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे नेण्याचे धोरण राबवले गेले. मुंबईच्या भोवतालच्या या व्यवसायाचे मोठे केंद्र होते उरण. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उरणमध्ये प्रामुख्याने पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या आणि त्यांत गाळली जाणारी दारू मोहाचीच असे. गंमत अशी, की त्यासाठी लागणारी फुले गुजरातेतून, पंचमहालाकडून मागवली जात. ज्या जिल्ह्याच्या जंगलात मोह उभा होता, तिथल्या माणसाला मात्र तो गाळायला मनाई होती.

तेवढ्यानेही सरकारचे समाधान झाले नाही. मोहाचे फूल घरच्या मडक्यात सहज आंबते, त्यामुळे भट्टीवर बंदी घालून चोरटे गाळप थांबत नव्हते आणि महसूल बुडत होता. म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी ‘म्हवरा कायदा’ आला. त्याने दारूच्या पलीकडे जाऊन फुलांची वेचणी, साठवण, वाहतूक आणि विक्री यांवरच नियंत्रण आणले. मोहाची फुले दुष्काळी दिवसांत भाकरीत मिसळून, उकडून खाल्ली जातात, गुरांनाही घातली जातात, याचा विचार त्या कायद्यात दुय्यम होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातही मोहफुलांवरची बंधने कायम राहिली. पुढे दारूबंदी सैल झाली, परवाने आले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून बनलेली देशी दारू सरकारमान्य दुकानांतून खेड्यापाड्यांत पोहोचली. म्हणजे पाड्यावरची मोहाची दारू बेकायदा आणि दूरच्या कारखान्यातून आलेली मळीची दारू कायदेशीर, अशी विभागणी झाली. आरोग्याच्या दृष्टीने या विभागणीला फारसा आधार नव्हता. महसुलाच्या दृष्टीने होता.

२०२१ आणि २०२२ मध्ये काय बदलले?

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी फूल हे पुन्हा फक्त फूल झाले. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले आणि राज्यातील इतर फळा-फुलांपासून बनणाऱ्या मद्याला देशी दारूऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किन्हवलीच्या रानातल्या फुलाचे मद्य ‘विदेशी’ ठरणे हे ऐकायला विचित्र वाटते, पण अबकारी भाषेत ‘विदेशी मद्य’ म्हणजे परदेशी नव्हे, तर देशी दारूच्या दुकानाऐवजी वाइन शॉप आणि परमिट रूममध्ये विकता येणारे मद्य.

दर्जा बदलल्याने प्रतिष्ठा आणि ग्राहक मिळण्याची वाट खुली झाली. मात्र त्याच दर्जासोबत आसवनीचा परवाना, बाटलीबंद करण्याची व्यवस्था, लेबलची नोंदणी, प्रयोगशाळा तपासणी, अबकारी कर्मचाऱ्यांची देखरेख असा सगळा पसारा येतो. हा पसारा कारखाना गृहीत धरून मांडलेला आहे. पाड्यावरचा दहा-बारा बायकांचा बचत गट त्यात बसत नाही.

एक किलो फुलातून किती दारू निघते?

हे गणित समजून घेतले तर पैसा कुठे जातो ते दिसते. सुकलेल्या मोहफुलात वजनाच्या साधारण ६० टक्के साखर असते. म्हणजे एक किलो फुलात ६०० ग्रॅम. साखर पूर्ण आंबली तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने तिच्या जवळपास निम्म्या वजनाचे अल्कोहोल मिळते, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम. प्रत्यक्षात सगळी साखर आंबत नाही आणि गाळतानाही काही वाया जाते. चांगल्या आसवनीत किलोमागे ३३० ते ३४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल हाती येते. बाटलीतल्या मद्याची तीव्रता साधारण ४२.८ टक्के धरली, तर त्यातून ७५० मिलिलिटरची एक बाटली भरते. थोडक्यात, एक किलो सुके फूल म्हणजे एक बाटली. फुलाचा किलोचा भाव आणि चांगल्या बाटलीची किंमत शेजारी ठेवली की मधले अंतर लक्षात येते. हे अंतर कर, बाटली, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन आणि उत्पादकाचा नफा यांनी भरलेले असते. वेचणाऱ्याचा वाटा किलोच्या भावावर थांबतो.

हातभट्टीत हे प्रमाण बरेच कमी असते. तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात सडवा उकळवायचा, वाफ नळीतून थंड करायची, पहिली धार वेगळी धरायची. जुने जाणकार पहिली धार का वेगळी काढत, त्याचे कारणही शास्त्रात सापडते. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांवर उकळते आणि पिण्याचे इथेनॉल ७८ अंशांवर, त्यामुळे जे नको ते आधी बाहेर येण्याकडे कल असतो. अर्थात भट्टीवर हे पूर्ण वेगळे होत नाही आणि तिथे मोजायला उपकरणही नसते.

विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांचे मूळ मात्र सहसा वेगळे असते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. किन्हवलीच्या बाजूला आज जी हातभट्टी चालते तिच्यातही निखळ मोह असेलच असे नाही. काळा गूळ आणि नवसागर स्वस्त आणि बारमाही मिळतात, मोहाचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. ‘मोहाची’ म्हणून विकली जाणारी दारू पुष्कळदा गुळाची असते, हे या भागात कोणालाही नवे नाही.

मद्याच्या बाजारात सध्या काय चालले आहे?

भारत हा खपाच्या आकारमानाने जगातला सर्वांत मोठा व्हिस्की बाजार. यातली बरीचशी स्वस्त व्हिस्की मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या अतिशुद्ध मद्यार्कात रंग, स्वाद आणि थोडे माल्ट मिसळून बनते. त्यामुळे या उद्योगाची नाळ उसाला आणि मक्याला जोडलेली आहे आणि म्हणूनच महाराष्ट्र हे त्याचे मोठे केंद्र. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने या कच्च्या मालाला दुसरा गिऱ्हाईक मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर मर्यादा आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. अशा प्रत्येक निर्णयाने मद्यार्काचे भाव हलतात.

वरच्या थरात वेगळीच हालचाल आहे. ग्राहक संख्येने कमी पण महागडी बाटली घेण्याकडे वळतो आहे. गोव्याचे पॉल जॉन, बेंगळुरूचे अमृत, हरियाणाचे इंद्री अशा भारतीय सिंगल माल्टना जगात नाव मिळाले. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने ‘इम्पिरियल ब्लू’ हा मोठ्या खपाचा पण कमी नफ्याचा ब्रँड विकायला काढला आणि तो घेण्याचा करार केला तो मूळच्या श्रीरामपूरच्या टिळकनगर इंडस्ट्रीजने. त्याच महिन्यात भारत-ब्रिटन व्यापार करारावर सही झाली. त्यानुसार स्कॉचवरचे १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. महागड्या थरात स्थानिक मद्याला आता स्वस्त होत जाणाऱ्या स्कॉचशी स्पर्धा करावी लागेल. मोहाची बाटली नेमकी याच थरात शिरू पाहते आहे.

जून २०२५ चा निर्णय काय होता?

मद्य हे जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावरचा कर ठरवणे राज्याच्या हाती आहे. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. हे लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या मद्याला लागू आहे. देशी दारूवरचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. शिवाय ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग आला, जो केवळ राज्यातले उत्पादकच बनवू शकतात. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे रोजच्या भाषेतल्या क्वार्टरची, किमान किंमत देशी दारूसाठी ८० रुपये, महाराष्ट्र मेडसाठी १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. सरकारला यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा होती.

यापूर्वी साधी विदेशी क्वार्टर साधारण ११५ ते १३० रुपयांना मिळत होती. ती एकदम २०५ वर गेल्यावर पिणारा पिणे सोडत नाही, बहुधा एक पायरी खाली उतरतो. सरकारने मधे १४८ ची पायरी ठेवली ती यासाठीच. पण उतरंडीच्या तळाशी ८० रुपयांची देशी आहे आणि तिच्याही खाली, कोणत्याही सरकारी तक्त्यात नसलेली, हातभट्टी आहे. वीटभट्टीवर किंवा रोजगार हमीवर राबणाऱ्या माणसाला ही शेवटची पायरी सर्वांत जवळची. वरच्या पायऱ्या जितक्या महाग होतील तितकी तिची मागणी वाढण्याचा धोका आहे.

कराच्या पद्धतीत लहान उत्पादक कुठे अडकतो?

देशी दारूवरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणावर लागतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर मद्य असते, म्हणजे नव्या दराने शुल्क सुमारे २८ रुपये. आधी ते २४ च्या आसपास होते. निर्मिती खर्च कितीही असो, शुल्क तेवढेच राहते.

विदेशी मद्याचे तसे नाही. तिथे कर निर्मिती खर्चाच्या पटीत आहे. समजा एका मोठ्या कारखान्याचा खर्च लिटरमागे १०० रुपये आहे, तर क्वार्टरमागे १८ रुपये खर्च आणि त्यावर ८१ रुपये शुल्क. आता बचत गटाची लहान आसवनी घ्या. फूल हाताने वेचलेले, माल थोडा, बाटल्या किरकोळीने घेतलेल्या. तिचा खर्च लिटरमागे २०० रुपये आला आणि हाच गुणक तिला लागला, तर शुल्क थेट १६२ रुपये. दोन्ही बाटल्यांत अल्कोहोल तेवढेच, पण शंभर रुपये जादा मजुरी देणाऱ्याकडून सरकार आणखी साडेचारशे रुपये मागणार. वेचणाऱ्या बाईला किलोमागे दहा रुपये वाढवून द्यायचे ठरवले तर ते दहा ग्राहकापर्यंत पोहोचताना पंचावन्न होतात. अशी करपद्धत कच्चा माल स्वस्तात उचलणाऱ्यालाच फायद्याची ठरते.

म्हणून केवळ ‘विदेशी’ दर्जा देऊन भागत नाही. जंगलातल्या फुलापासून लहान गटांनी बनवलेल्या मद्यासाठी तीव्रतेवर आधारित, ठरावीक दराची वेगळी करश्रेणी हवी. महाराष्ट्र मेडसाठी वेगळा वर्ग काढता येतो, तर यासाठी न काढण्याचे कारण दिसत नाही.

गोवा आणि मध्य प्रदेशने काय केले?

गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे काजूच्या हंगामापुरत्या गावातल्या लहान भट्ट्या कायदेशीर आहेत. बाटलीबंद करणारे त्यांच्याकडून माल घेतात. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गात तीच काजूबोंडे मोठ्या प्रमाणावर कुजून जातात, कारण गावपातळीवर गाळणाऱ्याला परवान्याची चौकटच नव्हती.

मध्य प्रदेशने मोहाबाबत थेट पाऊल टाकले. २०२३ च्या वारसा मद्य नियमांनुसार तिथे आदिवासी बचत गटांनाच मोहाचे मद्य बनवण्याचा परवाना मिळतो. अलीराजपूरचे ‘मोंड’ आणि दिंडोरीचे ‘मोहुलो’ हे ब्रँड त्यातून आले, त्यांना करातही सवलत दिली गेली. विक्री अजून मर्यादित आहे आणि बचत गटांना बाजारपेठ मिळवणे जड जाते आहे. पण परवाना कोणाच्या नावे असावा, या प्रश्नाचे उत्तर त्या राज्याने दिले आहे.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण किन्हवलीपासून फार दूर नाही. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या डहाणूत चिनॉय कुटुंबाच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ हे मोहाचे मद्य उंची गटात आणले. त्याआधी २०१८ मध्ये डेसमंड नाझरेथ यांनी गोव्यातून ‘डीजे महुआ’ बाजारात आणले होते. मोहाच्या मद्याला शहरी ग्राहक मिळू शकतो, हे या खासगी प्रयत्नांनी दाखवून दिले. भांडवल, मुरवण्याची पिंपे आणि परवाने सांभाळण्याची ताकद असलेला उद्योजकच आज हे करू शकतो, हेही त्यातूनच दिसले.

आधीच दारूने पोळलेल्या पाड्यांना आणखी दारू कशाला?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. दारूच्या विरोधात उभे राहण्याची या पट्ट्यातली परंपरा जुनी आहे. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून सुरू झालेली देवीची चळवळ डहाणूमार्गे दक्षिण गुजरातेत पसरली आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. त्यात भट्टीमालकांच्या कर्जातून सुटण्याचाही भाग होता. आजही गावातले दुकान बंद करण्यासाठी बायका ‘आडव्या बाटली’ला मत देतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी तसे मत दिले तर परवाना रद्द होतो. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे उद्दिष्ट आहे आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे.

२००७ मध्ये सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देऊ केले, तेव्हा शेतकऱ्याच्या नावाने कारखानदारांचे भले होत असल्याची टीका झाली होती. मोहाच्या बाबतीत ‘आदिवासी विकासा’चे नाव घेऊन तेच होऊ शकते.

पण आक्षेपाचा रोख कुठे असावा, हे तपासायला हवे. पाड्यावर आज दारू नाही असे नाही. जी आहे ती तपासणीविना, पोलिसांच्या हप्त्याच्या किंवा छाप्याच्या सावटाखाली आणि बरेचदा गुळा-नवसागराची आहे. भट्टी लावणारी अनेकदा बाईच असते आणि तिच्या घरात दारूपायी मार खाणारीही बाईच. बाटलीबंद मोह गावात विकायचाच नाही, फक्त शहरातल्या परवानाधारक दुकानांत पाठवायचा, अशी अट परवान्यात घालता येते. ती अट ठरवण्याचा अधिकार असलेली संस्थाही कायद्यात आहे. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण आणि गौण वनोपजाची मालकी, या दोन्ही गोष्टी ग्रामसभेशी जोडल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वनोपजावरचा हक्क मान्य केला आहे. परवाना द्यायचा असेल तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नको आणि ग्रामसभेने नको म्हटले तर तो विषय तिथेच संपावा.

किन्हवलीत सुरुवात कुठून व्हावी?

आसवनीपासून तर नकोच. पहिली गरज साठवणुकीची आहे. फूल नीट सुकवले नाही तर बुरशी धरते आणि पावसाळ्याआधी ते विकण्याची घाई होते. हंगामात एकदम माल आल्याने भाव पडतो, तो व्यापारी साठवतो आणि पुढे चढ्या भावाने विकतो. कोरडे गोदाम, सुकवण्यासाठी जाळ्या आणि प्रतवारी एवढ्यानेही घासाघीस करण्याची ताकद वाढते. फूल दारूलाच जावे असेही नाही. त्याचे लाडू, सरबत, जॅम, मनुक्यासारखे सुके फूल यांना बाजार आहे.

शहापुरात याचे जवळचे उदाहरण आहे. कोविडच्या काळात इथल्या कातकरी तरुणांच्या संस्थेने वनधन केंद्रातून गुळवेल गोळा केली, तिची पूड केली आणि औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या आसपासची मागणी मिळवली. कच्च्या वेलीऐवजी प्रक्रिया केलेला माल थेट कंपनीला दिल्याने मधला दलाल गळाला. मोहाच्या बाबतीत हीच साखळी वापरता येईल, फक्त शेवटच्या टप्प्यावर अबकारी खाते उभे आहे.

आणखी एक अडचण कोणत्याही धोरणाच्या कागदात सापडत नाही. मोह फुलतो त्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक कातकरी कुटुंबे गावात नसतातच. पावसाळा संपताच उचल घेऊन ती भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि मे संपता संपता परततात. झाडाखालची फुले वेचायला घरी उरतात ती म्हातारी माणसे. दिवाळीआधी वीटभट्टीमालक देतो तेवढी उचल बचत गट किंवा आदिवासी विकास महामंडळ फुलांच्या हमीवर देऊ शकले, तरच ही कुटुंबे हंगामाला पाड्यावर असतील.